बिनआवाजाची खोली

लिंबायतमध्ये मला सगळे शटल म्हणतात. लूममध्ये शटल असतं ना, लाकडाचं, होडीसारखं, दिवसभर इकडून तिकडं आणि तिकडून इकडं, तसा मी. खात्यातून अड्ड्यावर, अड्ड्यावरून खात्यात. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. खरं नाव सांगत नाही. एक तर आमच्या रविवारच्या मंडळीचा तसा नियम आहे, आणि दुसरं म्हणजे माझ्या बापानं नाव फार चांगलं ठेवलेलं, त्याची आणखी बदनामी नको.

शाळेत मी गेलो होतो, पण छपरावर, कौलं बदलायला. म्हणून मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहितेय. तिला म्हटलं, माझं बोलणं शुद्ध करू नको. ती म्हणाली, बाबा, शुद्ध करायला बसले तर काही उरायचंच नाही.

सांगायचं कशाला, तर ज्याच्या घरात दारूचं दुखणं आहे त्याला कळावं, की त्याच्या माणसापेक्षा मोठं गाढव सुरतेत होऊन गेलं, आणि ते अजून जिवंत आहे.

मी मेलो तो दिवस

सुरतेत प्लेग आला तेव्हाची गोष्ट. सगळी लिंबायत रेल्वेनं, ट्रकनं, मिळेल त्यानं गावाकडं पळाली. माझी बायको सुमन सांगते, तिनं मला किती वेळा हलवून उठवलं. मी म्हणालो, तू हो पुढं, मी आलोच. हे मी सगळ्याच गोष्टींना म्हणायचो. आणि कुशीवर वळलो.

जाग आली तर आवाज नाही. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. पण लिंबायतमध्ये लूम कधी थांबतच नाही. भिंतीतून धडधड येते, जमिनीतून येते, हंड्यातलं पाणी सारखं थरथरत असतं. आमची पोरं त्या आवाजावर झोपतात आणि गावी गेली की झोप येत नाही म्हणून रडतात. त्या दिवशी मी हंड्यात बघितलं, तर पाणी एकदम शांत. आरशासारखं. त्यात माझं तोंड दिसलं. तेव्हा मला कळलं, की आपण मेलो.

घाबरलो नाही, खोटं का बोला. उलट हलकं वाटलं. बाहेर आलो. गल्लीतल्या दारांना कुलपं. ऊन पांढरंफेक, जसं कोरं कापड पसरून ठेवलंय. कुणाच्या तरी ओट्यावर एक शेळी बसलेली, माझ्याकडं ओळख असल्यासारखी बघत होती. मग समोरून एक माणूस आला, नाकातोंडाला फडकं बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. हा न्यायला आला असं समजून मी हात जोडले आणि विचारलं, कुठं जायचं? तो म्हणाला, "घरमां जा, भाई."

मला वाटलं, वरूनसुद्धा परत पाठवलं. तिथंही जागा नाही.

पुढं गेलो तर एकच दार उघडं होतं, अड्ड्यावरच्या काकीचं. गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणून आमच्याकडं दारू तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या थैलीत मिळते. काकी थैल्या घेऊन एकटीच बसली होती. तिला बघून माझी खात्री झाली, की आपण मेलोच, पण स्वर्गात आलोय.

ओठ

मग लोक परतले, खाती चालू झाली, पाणी पुन्हा थरथरायला लागलं. सुमन काही परतली नाही. पारोळ्याजवळच्या गावी माहेरीच राहिली, पोरीला घेऊन.

आता सुमनचं सांगतो. आमची ओळख खात्यात झाली. ती बॉबिन भरायची, मी लूम चालवायचो. खात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं कुणी आवाज वाया घालवत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरचा ओठ बघून समजून घेतो. चार लूमच्या पलीकडचा माणूससुद्धा चहाला बोलावतो आणि तुम्ही त्याला शिवी देता, सगळं बिनआवाजाचं. मी सुमनला तसंच विचारलं, करशील का लग्न. तिनं तसंच उत्तर दिलं. माझं लग्न ठरलं त्यात आवाज असा झालाच नाही. आवाज नंतर झाला, पिऊन घरी यायला लागलो तेव्हा.

दारू प्यायला की माणसाचे ओठ सैल पडतात. लूमवरचा तार, म्हणजे धागा, ढिला पडतो तसे. बाकीच्यांना वास यायचा तेव्हा कळायचं, सुमनला वासाची गरज नव्हती. एकदा मी तिच्यासमोर बसून शपथा घेत होतो, देवाच्या, आईच्या, पोरीच्या. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुमनं बोलनं आयकू येस, पन दिसत नही."

ऐकू येतं, पण दिसत नाही. मी हसलो. मला वाटलं, विनोद केला हिनं.

प्लेगनंतर तिचा भाऊ निरोप घेऊन आला. सरळ माणूस. आत सुद्धा आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "दाजी, ताईनं सांगितलंय, यांचं बोलणं दिसायला लागलं की येईन. उन्हाळ्यापर्यंत वाट बघते. नाही तर पोरीला गावच्या शाळेत घालते आणि तिकडंच राहते."

मी त्याला म्हटलं, तू हो पुढं, मी आलोच. तोंडातून तेच निघालं. सवय.

गाठी

दुसऱ्या दिवसापासून मी बंद केली. एकदम. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. वाटलं, आठ दिवसांत गावी जाऊन सुमनसमोर उभा राहतो, ओठ बघ म्हणतो.

दोन दिवस हात थरथर कापले. मग खोलीत खाडीचं पाणी आलं. आमच्या इथल्या खाडीला स्वतःचा रंग नाही. कापड रंगवायच्या डाइंगमध्ये जो रंग चालू असेल तो खाडीचा. त्या दिवशी गुलाबी होतं. पायाशी आलं, खाटेला लागलं, आणि त्यात साड्याच साड्या तरंगत होत्या, आणि सगळ्या सुमनच्या. मी त्या गोळा करायला उतरलो आणि पडलो. खात्यातल्या पोरांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पाणीबिणी काही नव्हतं म्हणे. मी कोरड्या फरशीवर पोहत होतो.

वॉर्डात पंख्यांच्या लूम झाल्या. आणि जिकडं बघावं तिकडं तार तुटलेले. लूमवाल्याला तुटलेला तार बघवत नाही, हात आपोआप जातो. मी उठून गाठी मारत सुटलो. माझ्या चादरीचे दोरे शेजाऱ्याच्या लुंगीला, त्याची लुंगी खाटेला, सलाइनची नळी खिडकीच्या गजाला. सिस्टर धावत आली आणि विचारलं, हे काय केलंस? मी तिला सांगितलं, सिस्टर, थांबा, कापडाच्या ताक्यात फॉल्ट जाईल, शेठ ओरडेल.

शेजारी एक म्हातारे गुजराती काका होते, पाय मोडलेले. जागे झाले तर माझ्याशी बांधलेले. त्यांनी एकदा गाठीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, "आ तो लग्न थई गयुं."

त्या लग्नाला मी जागलो. मी तिथं होतो तोवर त्यांच्या घरून खाखरा आला की अर्धा माझा. सिस्टरनं माझी नखं कापून दिली, कारण माझी बोटं थांबत नव्हती आणि मी स्वतःलाच ओरबाडत होतो. कुणी आपली नखं कापतंय म्हणून मी रडलो. आई गेल्यापासून कुणी कापली नव्हती. सकाळी फिनाइलचा वास यायचा, मग चहाची किटली, मग थर्मामीटर. मला वाटायचं, असंच चालू राहावं, बाहेर जायलाच नको.

डॉक्टर तरुण होता. पोट दाबून म्हणाला, लिव्हर सुजलंय. मग म्हणाला, हा आजार आहे. मला राग आला. आजार कसला? गावात माझ्याइतका कुणी पिऊ शकत नाही, ही माझी एवढी एकच कीर्ती. तो हसला नाही. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी जशाच्या तशा सांगतो, कारण माझ्या बाकीच्या सांगण्यात काही दम नाही. रोज पिणाऱ्यानं घरी बसून एकदम बंद करायची नाही, जीव जातो, दवाखान्यात येऊन सोडायची. आणि सुटल्यावर एकट्यानं सांभाळायची नाही, सांभाळता येत नाही.

मी विचारलं, मग कुणाबरोबर? तो म्हणाला, तुमच्या लिंबायतमध्येच ऐकलंय, सोडलेल्या लोकांची एक मंडळी रविवारी जमते. कुठं ते मला माहीत नाही, शोधा.

त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मरायची नाही. मरून बघितलं होतं, तिथं शेळी होती, बरं होतं. भीती ही, की आता बाहेर पडल्यावर पाय कुठं जातील ते मला माहीत होतं.

पत्ता

दारूबंदीच्या गावात दारू कुठं मिळते ते दूधवालासुद्धा सांगतो. सोडायची कुठं, ते कुणालाच माहीत नाही. पानगल्ल्यावर, म्हणजे पानटपरीवाल्याला, विचारलं, रविवारी लोक जमतात ती जागा कुठं? त्यानं डोळा मारला आणि काकीचा अड्डा दाखवला. रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला बस, आणि काकीच्या अड्ड्यावर आणून सोडलं.

मग मीच काकीला विचारलं. तिनं आधी मला शिव्या घातल्या, मग त्या मंडळीला. तिची चांगली चांगली गिऱ्हाइकं तिकडं गेली होती, कुठल्या गल्लीत, कुठल्या दारात, तिला सगळं पाठ. रागारागात तिनं मला खुणेसकट पत्ता सांगितला. नंतर तिच्या लक्षात आलं, की हा पण चालला.

रविवारी दुपारी गेलो. खात्याच्या मागं पत्र्याच्या खोल्या, त्यातली एक. शटर अर्धं पाडलेलं. दारात एक म्हातारा उभा, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघतोय. बाहेर एक चप्पल नाही, सगळ्या आत ठेवलेल्या. एकेक माणूस खाली मान घालून वाकून आत जातोय.

मी ओळखलं. हा अड्डा. काकीनं मला तिच्याच दुसऱ्या अड्ड्यावर पाठवलं, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. आणि काय सांगू तुम्हाला, मला एवढा आनंद झाला! डॉक्टरचं ऐकलं, शोधलं, आपल्या नशिबातच नाही तर काय करणार. मी म्हाताऱ्याला रामराम केला, वाकलो, ऐटीत आत गेलो आणि चटईवर मांडी ठोकली.

खोली

आत दहा-बारा जण गोल बसलेले. पत्र्याला पलीकडच्या खात्याची धडधड. वरच्या भोकातून उन्हाचा एक तार खाली आलेला आणि त्यात कापसाची धूळ हळूहळू फिरत होती. ग्लास आला. हुंगला, तर चहा. मी समजलो, पोलिसांसाठी असेल. शेजारच्याकडं वळून ओठांनीच विचारलं, माल कधी येणार?

त्यानं पण ओठांनीच सांगितलं, "सरी ग्या, भो. आमना समदासना सरी ग्या."

संपला. आमच्या सगळ्यांचा संपला. तेव्हा मी बाकीच्यांच्या तोंडाकडं बघितलं. सगळी खोली बोलत होती आणि आवाज नव्हता. पत्र्याच्या भिंतीपलीकडं शेजारी राहतात, सगळे ओळखीचे, कान लावून बसलेले. म्हणून इथं कुणी आवाज काढायचा नाही. ज्याची पाळी त्यानं ओठ हलवायचे, बाकीच्यांनी बघायचं. एक जण सांगत होता, पोराच्या अंगावर उकळता चहा कसा सांडला त्याच्या हातून. एक जण सांगत होता, बायको आजारी असताना तिचं औषध आणायला निघाला आणि दोन दिवस घरी आला नाही. एवढी वाईट वाईट बोलणी, आणि उन्हातला कापूस तसाच शांत फिरतोय. मी झोपेत आहे की जागा, मला कळेना. वाटलं, दवाखान्यात जे तार मला दिसत होते ते सगळे इथं येऊन पडलेत आणि हे लोक बसल्या जागी एकेक गाठ मारतायत.

एक बँकेतले साहेब होते, आपल्या मराठीतले, शहरातून यायचे. त्यांना ओठ वाचता येत नव्हते. नुसते बसायचे आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघायचे. नंतर एकदा बाहेर मी त्यांना विचारलं, साहेब, तुम्हाला यातलं काय कळतं? ते म्हणाले, "काही नाही. पण घरी सगळं कळतं ना, म्हणून इथं बरं वाटतं."

माझी पाळी आली तेव्हा मी विनोद सांगितला. प्लेगाचा, शेळीचा. खांदे हलले सगळ्यांचे, बिनआवाजाचे. माझ्या विनोदावर लोक हसले आणि मी प्यायलेलो नव्हतो, असं पहिल्यांदाच झालं.

दिसत नही

आता वाटेल, सुधारला. नाही. शिमग्याला खात्याला सुट्टी पडली, पाणी शांत झालं हंड्यातलं, आणि मी काकीकडं गेलो. काकीनं हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं स्वागत केलं.

पुढच्या रविवारी मी मंडळीत गेलोच, कारण जाऊन थाप मारायची असं ठरवलं होतं. तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, कपडे बदलले. थोडीच घेतली होती. माझी पाळी आली. मी ओठ हलवले, सगळं ठीक आहे, मजेत आहे, एक विनोद सांगतो. कुणी हसेना. कुणी रागावलंही नाही. दारातला म्हातारा, त्याला सगळे आप्पा म्हणतात, माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ तोंडाकडं बघितलं.

"दिसत नही रे, भो," आप्पा म्हणाला.

सुमनचेच शब्द. ती तिकडं पारोळ्याला, हा इथं, एकमेकांना कधी बघितलं नाही. माझा तोल गेला. मी त्या खोलीत पहिल्यांदा आवाज काढला. ओरडलो की रडलो, मला आठवत नाही. पलीकडच्या भिंतीतून कुणीतरी विचारलं, काय झालं हो? आप्पानं मोठ्यानं उत्तर दिलं, काही नाही, चहा सांडला. मग ग्लास भरून माझ्या हातात दिला आणि माझे हात धरून ठेवले, ग्लासासकट.

त्या दिवसापासून नाही. किती दिवस झाले ते विचारू नका. मोजता येत असतं तर मी इथं असतो का? मला आज एवढंच मोजता येतं.

दारात

उन्हाळा लागला तसा आप्पा मला म्हणाला, आता दारात तू उभा राहा. मी म्हटलं, मी? तो म्हणाला, तुझं तोंड अजून अड्ड्यावरचंच वाटतं, नवा माणूस घाबरणार नाही.

तेव्हा कळलं, की दारातला माणूस पोलिसांसाठी नसतोच. गल्लीच्या टोकाला पानगल्ला आहे. पत्ता काढत आलेला माणूस तिथं येऊन थांबतो. पान घेतो, चपलेचा अंगठा बघतो, लूमच्या दारातली पाटी वाचतो, आणि मागं फिरतो. दारातल्यानं तेवढ्यात त्याला गाठायचं. हाक मारायची नाही, हाक मारली की गल्लीला नाव कळतं. नुसतं त्याच्याकडं बघायचं आणि मधल्या रिक्षा, हातगाड्यांवरून ओठ हलवायचे, चहा पिशी का? बाकी काही बोलायचं नाही. कधी तो येतो. कधी येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच उभा असतो.

सुमनला मी गावाकडं जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर निरोप पाठवत होतो. उत्तर येत नव्हतं. बरोबरच आहे. माझे निरोप ऐकूच येणार होते तिला, दिसणार कसे? शाळा उघडायला आली. मी मनाशी धरून चाललो होतो, की ती आता येत नाही, आणि तरी रविवारी दारात उभं राहायचं.

त्या रविवारी पानगल्ल्यापाशी एक बाई उभी होती. हातात पिशवी, शेजारी पोरगी. घरी गेली नव्हती, सरळ इथं आली होती. भावानं पत्ता काढून दिलेला, ते मला नंतर कळलं. ती पान घेत नव्हती, पाटी वाचत नव्हती. माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं.

मी आयुष्यभर विनोद केले. त्या वेळी एक सुचेना. शपथ तर नकोच वाटली. मधून रिक्षा जात होत्या, सुताचे बीम लादलेला टेम्पो हॉर्न देत होता, मागं खात्याची धडधड. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं, आणि ती त्या तिकडच्या काठावर. मी जे सगळ्यांना म्हणायचो तेच म्हटलं. आवाज नाही, नुसते ओठ.

चहा पिशी का?

ती हलली नाही. टेम्पो मध्ये आला, गेला. ती अजून माझ्या ओठांकडंच बघत होती, मी काही आणखी बोलतो का म्हणून. मी नाही बोललो. मग तिचे ओठ हलले, खात्यात हलायचे तसे.

"दिसस."

ही जी लिहितेय ना, ती तेव्हा आईचा पदर धरून उभी होती. खात्यात कधी गेलेली नाही, तिला काय कळणार. ती म्हणते, मला काहीच ऐकू आलं नाही. मी आईला विचारलं, आई, बाबा काय म्हणतायत? आई म्हणाली, चहाला बोलावतायत, चल.